आजी घरात असताना मुलांना शाळेत पाठवायचं का? (ऑगस्ट 2020, कोरोनाची साथ)

काकू,

गुरुवारी गौरी गेल्या आणि त्याच रात्री आमच्याकडे पुन्हा तोच विषय निघाला. आम्ही न्यू जर्सीत, मिडलसेक्स काउंटीत राहतो. मोठा मुलगा तिसरीत जाईल, धाकटी पाच वर्षांची आहे, यंदा किंडरगार्टनला. शाळेने दोन पर्याय दिलेत. आठवड्यातून दोन दिवस अर्धा वेळ शाळा आणि बाकीचे दिवस घरून, नाहीतर सगळंच घरून. एकदा कळवलं की नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत बदलता येणार नाही. सासूबाई जानेवारीत साताऱ्याहून आल्या त्या कोरोनामुळे इथेच अडकल्या. वय 71, डायबेटिस आणि बीपी दोन्ही आहे. हे म्हणतात, लहान मुलांना काही होत नाही, पाठवूया, आपल्या दोघांच्याही मीटिंगा चालू असतात. माझा जीव धजत नाही. पण धाकटी घरात फक्त मराठीच बोलते, शाळा चुकली तर इंग्रजीत मागे पडेल अशी धास्ती वाटते. नवं दप्तर उशाशी घेऊन झोपते ती. पुण्याहून नणंद रोज फोनवर ऐकवते की आमच्याकडे शाळा बंद आहेत, तुम्हालाच कसली घाई? इकडे मंडळातल्या चार घरांनी मिळून एकीच्या बेसमेंटमध्ये पॉड, म्हणजे मुलांचा घरगुती शिकवणीचा गट, करायचं ठरवलंय, शिक्षिकाही शोधलीय, आम्हालाही विचारताहेत. फॉर्म मंगळवारी, विसर्जनाच्या दिवशीच द्यायचा आहे. काय करू?

एक आई

प्रिय मुली,

आधी उत्तर देते, कारणं मग सांगते. नोव्हेंबरपर्यंत दोघांनाही घरी ठेव. आणि पॉडला नाही म्हण.

तुझ्या घरात सासूबाई नसत्या तर मी अगदी उलट सांगितलं असतं. दोघांना पाठव म्हटलं असतं, आणि धाकटीला तर नक्कीच. हे दोन्ही मी मनापासून लिहिते आहे. गेल्या महिन्याभरात मला आलेल्या पत्रांत सगळे एकच विचारतात, शाळा सुरक्षित आहे की नाही? या प्रश्नाला सगळ्यांसाठी एक उत्तर नाही. शेजारच्या घराचं बरोबर उत्तर तुझ्या घरी चुकू शकतं, म्हणून आधी घरात कोण कोण राहतं ते मोजायचं.

तुझ्या नवऱ्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. लहान मुलं कोरोनाने गंभीर होण्याचं प्रमाण खूप कमी आहे. मे महिन्यात सीडीसीने, म्हणजे इथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, मुलांमध्ये कोरोनानंतर होणाऱ्या दाहाच्या आजाराबद्दल डॉक्टरांना सावध केलं, तेव्हा आपण सगळेच घाबरलो होतो, पण तोही विरळाच आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने जूनमध्येच सांगितलं की मुलं प्रत्यक्ष शाळेत यावीत हेच ध्येय ठेवा. तीस वर्षं मुलांत वावरलेली बाई म्हणून मला ते शंभर टक्के पटतं.

पण मुलांना फारसं होत नाही आणि मुलांकडून घरी येत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जूनमध्ये जॉर्जिया राज्यात मुलांचं एक निवासी शिबिर भरलं. ज्यांच्या चाचण्यांचे निकाल मिळाले अशी 344 मुलं आणि कर्मचारी होते, त्यातले 260 पॉझिटिव्ह निघाले. येण्याआधी प्रत्येकाची चाचणी निगेटिव्ह होती, कर्मचाऱ्यांना मास्कची सक्तीही होती. मुलांना मात्र मास्क नव्हते, खिडक्या-दारं उघडी ठेवायची सोय केलेली नव्हती, आणि रोज गाणी, आरडाओरडा. सहा ते दहा वर्षांची मुलंही त्यातून सुटली नाहीत.

आता सासूबाईंकडे बघ. या देशात आतापर्यंत कोरोनाने गेलेल्या दर दहा माणसांत आठ जण 65 वर्षांवरचे आहेत, आणि डायबेटिस धोका वाढवणाऱ्या आजारांच्या यादीत आहे. शिवाय त्या पाहुण्या म्हणून आल्यात. पाहुण्यांसाठी आपण घेतो त्या विम्यात जुन्या आजारांना बहुतेक वेळा फाटा दिलेला असतो. पॉलिसीचा कागद काढून आज रात्री शेवटपर्यंत वाच, नुसतं पहिलं पान वाचून ठेवू नकोस.

काहीजणी मला लिहितात की आजीला वरच्या खोलीत ठेवू, ताट दाराशी देऊ, मुलांना जवळ जाऊ देणार नाही. तुझ्या घरी हे चार दिवसही चालायचं नाही. धाकटी सकाळी उठल्यावर पहिली कुठे जाते? आजीच्या पांघरुणात. खीर चाखायला आजीचाच चमचा. जानेवारीपासून तिचं सगळं जग आजीभोवती आहे. आणि सत्तरी ओलांडलेल्या बाईला परमुलखात, नातवंडं दाराबाहेर खेळत असताना, खोलीत एकटीला बसवायचं हे मला पाहवणार नाही. शाळा दोन महिने उशिरा सुरू झालेली परवडेल.

तुझ्या शाळेचा बेत मात्र मला चांगला वाटला, आणि हे मी मुद्दाम लिहिते, कारण ज्यांच्या घरी वयस्कर किंवा आजारी माणूस नाही त्यांनी असाच बेत शोधावा. अर्ध्या दिवसाची शाळा म्हटलं की पालक नाक मुरडतात, एवढ्यासाठी कोण नेणार-आणणार म्हणतात. पण अर्ध्या दिवसात जेवणाची सुट्टी नसते. न्यू जर्सीत यंदा, 2020 मध्ये, शाळेच्या इमारतीत मुलांना मास्क सक्तीचा आहे आणि दिवसभरात तो हमखास उतरतो ती वेळ जेवणाची. पंधरा-वीस मुलं एका खोलीत मास्क काढून जेवताहेत आणि बोलताहेत, हे टळलं तर बरंच टळलं. खिडक्या खरोखर उघडतात का, हेही विचारा. पुष्कळ जुन्या शाळांत खिडक्या रंगाने चिकटून बसलेल्या असतात, वर्षानुवर्षं कोणी हात लावलेला नसतो. मी काम करत होते त्या शाळेत एक खिडकी उघडायला दोन माणसं आणि हातोडी लागली होती. शाळेने टेबलं किती वेळा पुसणार हे सांगितलं की पालक खूश होतात. मी आधी हवा कशी खेळती ठेवणार ते विचारलं असतं, आणि मग वर्गात कोणी पॉझिटिव्ह निघालं तर आम्हाला किती तासांत कळवणार, ते.

पॉडबद्दल मी इतकी ठाम का? कारण तिथे नियमच नसतात. शाळेत निदान नर्स आहे, मास्क आहे, अंतर आहे. बेसमेंटमध्ये बहुधा एखादी इवलीशी खिडकी, कमी उंचीचं छत, चार घरांची सहा-सात मुलं आणि शिकवणारी एक बाई. पहिल्या दिवशी सगळे मास्क लावतील. तिसऱ्या दिवशी कोणाची तरी आई म्हणेल, अगं, आपलीच तर मुलं आहेत. त्या चार घरांतली माणसं कुठे कुठे जाऊन येतात हे तुला माहीत नसतं, आणि ओळखीपायी विचारताही येत नाही. मैत्रिणी दुखावतील ही भीती मला कळते. सासूबाईंच्या तब्येतीचं खरं कारण सरळ सांग. ज्यांना राग येईल त्यांना येऊ दे.

नणंदेला काय सांगायचं? महाराष्ट्रात शाळा बंद आहेत हे खरंच आहे, तिथे जूनपासून सगळं मोबाइलवर चाललंय. पण तिथला साथीचा चढ वेगळा, वर्गातली संख्या वेगळी. डेन्मार्कने 15 एप्रिललाच सगळ्यात आधी लहान मुलांच्या शाळा उघडल्या, लहान लहान गट करून, जमेल तेवढं मैदानात शिकवून. त्यांना जमलं ते पुण्याला जमेल असं नाही आणि पुण्याला योग्य ते न्यू जर्सीला योग्य असंही नाही. तिला प्रेमाने सांग की आम्ही ठरवलंय. ती काळजीपोटी बोलते, पण रोज तोच विषय निघाला तर तुमचा निर्णय रोज नव्याने हलेल, आणि मुलं ते ऐकत असतात.

आता तुझी खरी धास्ती, इंग्रजी. मी वीस वर्षं रविवारची मराठी शाळा घेते आणि आठवडाभर इथल्या प्राथमिक शाळेत मदतनीस होते, म्हणजे दोन्ही टोकांनी ही मुलं पाहिली आहेत. घरात भरभरून मराठी बोलणारं मूल किंडरगार्टनमध्ये पहिले काही आठवडे गप्प असतं, मग एक दिवस बोलायला लागतं आणि थांबत नाही. ज्याच्याकडे एका भाषेत गोष्टी सांगायची ताकद असते ते दुसरी भाषा लवकर उचलतं. आजीशी दिवसभर होणाऱ्या गप्पा ही तिची शिदोरी आहे. तुम्ही तिच्याशी मोडकंतोडकं इंग्रजी बोलायला लागू नका. रोज रात्री इंग्रजी चित्रांचं एक पुस्तक वाच आणि त्यावरच्या गप्पा खुशाल मराठीत मार. आणि हेही मनाशी ठेव की न्यू जर्सीत वयाच्या सहाव्या वर्षापर्यंत शाळा कायद्याने सक्तीची नाही. तिचं काही बुडत नाहीये.

पडद्यावरच्या शाळेत जे हरवतं ते मात्र मी लपवणार नाही. एप्रिलमध्ये आमच्या मराठी शाळेचा पहिला ऑनलाइन वर्ग होता. सहा वर्षांच्या एका मुलाचा पुढचा दात आदल्या रात्री पडला होता. तो कॅमेऱ्याला तोंड चिकटवून ती फट दाखवत होता. मी सगळ्यांना म्यूट केलेलं, त्यामुळे त्याचा आवाज कोणाला ऐकू जाईना, आणि दुसरा मुलगा वाचत होता म्हणून पडद्यावर मोठा चेहरा त्याचाच. वर्गात असता तर त्याच्याभोवती गराडा पडला असता, प्रत्येकाने आपापला हलणारा दात दाखवला असता. तो दोन मिनिटं थांबला आणि टेबलाखाली गेला. त्या दिवसापासून मी वर्गाची पहिली दहा मिनिटं धडा ठेवतच नाही. एकेकाला अनम्यूट करते, ज्याला जे दाखवायचंय ते दाखवू देते.

म्हणून धाकटीच्या बाईंना पहिल्याच आठवड्यात लिही. मुलगी घरी मराठी बोलते, लाजते, तिला आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं दोघी-तिघींच्या लहान गटात घेता येईल का? किंडरगार्टनच्या बहुतेक बाई या गोष्टीला नाही म्हणत नाहीत. तिला चार तास क्रोमबुक लॅपटॉपसमोर बसवायचा हट्ट धरू नकोस. नाव पुकारलं, गोष्ट ऐकली, गाणं म्हटलं की बास, उरलेलं नंतर जमेल तसं. आणि उघड्यावर खेळायला तिच्या वयाची एक मैत्रीण शोध, एकच घर, तुमच्याइतकंच जपणारं. थंडी पडायला अजून वेळ आहे. मोठ्याची मला तेवढी चिंता नाही. तिसरीतला मुलगा बराचसा आपला आपण लॉगिन करतो, त्याच्या शेजारी सारखं कोणी बसावं लागत नाही.

तुमच्या नोकरीचं एक नीट ऐक, कारण इथे फसगत होते. मार्च 2020 मध्ये आलेल्या कायद्यानुसार मुलांच्या शाळा बंद असतील तर आईवडिलांना दोन तृतीयांश पगारावर बारा आठवड्यांपर्यंत रजा मिळू शकते, दिवसाला जास्तीत जास्त 200 डॉलर, तीही 31 डिसेंबर 2020 पर्यंतच. पण कंपनीत 500 पेक्षा कमी माणसं हवीत. आणि परवा, 27 ऑगस्टला, कामगार खात्याने स्पष्ट केलं की शाळा उघडी असताना तुम्ही स्वतःहून घरून शिकणं निवडलंत, तर ती रजा मिळत नाही. म्हणजे ही रजा धरून हिशोब करू नका. त्यापेक्षा दोघांनी रविवारी रात्री आठवड्याच्या मीटिंगा समोर मांडा आणि कोणते तास कोणाचे ते लिहून फ्रिजला लावा. तुझ्या नवऱ्याचे तासही त्यात तेवढेच असायला हवेत. एच-1बी या कामाच्या व्हिसावर नोकरी गेली तर साठ दिवसांची मुदत, ही टांगती तलवार मला माहीत आहे. म्हणून कोणी एकानेच सगळं ओढू नये. सगळा भार तुझ्यावर आला तर ऑक्टोबरपर्यंत तू आजारी पडशील.

सासूबाईंच्या मुक्कामाची मुदत वाढवायचा अर्ज वेळेत भरला असेल असं धरून चालते. पावती सापडेल अशी ठेव. फ्लूची लस सप्टेंबरमध्येच सगळ्यांनी घ्या, त्यांनाही फार्मसीत मिळते, विम्यात नसेल तर पदरचे पैसे भरून.

आणि एक गोष्ट मुलांशी बोलताना जप. “तू शाळेत गेलीस तर आजी आजारी पडेल” हे वाक्य चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नकोस. पुढे आजीला साधा खोकला झाला तरी ते मूल तो स्वतःच्या माथी घेईल, आणि बोलून दाखवणार नाही. आईबाबांनी ठरवलंय, एवढंच सांग. दिवाळीपर्यंत शाळा घरी, मग परत बघू. यंदा दिवाळी 14 नोव्हेंबरला आहे, तुमची पुन्हा निवडायची वेळही तेव्हाच येते, मुलांना दिवस मोजायला खूण मिळेल. तोवर सासूबाईंना विमान मिळालं किंवा इथले आकडे उतरले, तर मला पुन्हा लिही. उत्तर वेगळं असेल.

इंग्लंडमधल्या वाचकांसाठी दोनच ओळी. तुमच्याकडे सप्टेंबर 2020 पासून हजेरी सक्तीची आहे, दंडही होऊ शकतो, त्यामुळे वरचा पर्याय तुम्हाला मोकळा नाही. घरात जोखमीचं माणूस असेल तर शाळा सुरू होण्याआधीच मुख्याध्यापकांना आणि तुमच्या जीपींना, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांना, लेखी कळवा. आणि मूल घरी आलं की आधी हातपाय धुऊन कपडे बदलायचे, मग आजीकडे, ही आपल्याकडची जुनी रीत पुन्हा सुरू करा.

मंगळवारी फॉर्म पाठव, मग गणपतीला निरोप द्या. आणि धाकटीचं ते दप्तर नुसतं उशाशीच राहू देऊ नकोस. शाळा सुरू होईल त्या दिवशी संध्याकाळी मुलं-बाई घरी गेल्यावर तिला दप्तर पाठीवर लावून शाळेच्या आवारात ने. तिचा वर्ग कोणता ते बाहेरून दाखव. सासूबाईंनाही बरोबर घे, मोकळ्या हवेत भीती खूपच कमी. साताऱ्याला परत गेल्यावर नातीची शाळा पाहिली म्हणून सांगता येईल त्यांना.

तुझी,
काकू