कर्ज फेडा, पण हात रिकामे करून नाही

"काकू, सहा डॉलरची कॉफी घेतली आणि कप ऑफिसमधेच टाकून आले, गाडीत राहिला असता तर ह्यांनी विचारलं असतं."

ओहायोहून आलेल्या पत्रातलं हे वाक्य. दारव्ह्याकडची मुलगी, सासर पांढरकवड्याजवळच्या खेड्यातलं, लेक सात वर्षांची. पत्र लांबलचक आहे, चार प्रश्न आहेत त्यात, पण कप लपवला हे वाचलं आणि बाकीच्या तीन प्रश्नांवर माझं लक्षच लागेना. म्हणून आज ह्याच्यावरच बोलणार, बाकीचं शेवटी दोन-दोन ओळीत.

आधी तिच्याच शब्दात हिशोब वाचा. "२०२१ मधे घर घेतलं. ३,२०,००० डॉलरचं लोन, ३० वर्षं, ३ टक्के फिक्स. मुद्दल-व्याजाचा हप्ता १,३५० च्या आसपास, प्रॉपर्टी टॅक्स आणि इन्शुरन्स वेगळा. ह्यांना घर लवकरात लवकर मोकळं करायचंय, म्हणून दर महिन्याला १,२०० जास्तीचे प्रिन्सिपलमधे, म्हणजे मुद्दलात, टाकतात. सेव्हिंगमधे चार हजार असतील. लेकीला स्विमिंग लावायचं होतं, तर पुढच्या वर्षी पाहू म्हणाले. मंडळातल्या एक ताई सांबारवडी (आपली कोथिंबिरीची) करून देतात, १२ डॉलरला डबा, तर तेवढ्यात महिन्याचा सांबार येतो, घरी कर म्हणतात. वाईट नाहीत हो ते, स्वतःवरही करत नाहीत, किती हिवाळे झाले एकच जॅकेट वापरताहेत."

वाईट नाहीत हे मलाही दिसतंय बाई. जावईबापू कापूसवाल्याच्या घरचे आहेत, कर्ज म्हटलं की त्यांच्या पोटात काय होत असेल हे मला वेगळं सांगायला नको, मी आर्वी तालुक्यातलीच. आपल्याकडच्या पोरांनी लहानपणी काय पाहिलं? दारात उभा सावकाराचा माणूस, आत गप्प बसलेला बाप, आणि आई सांगतेय ते घरी नाहीत म्हणून. असं पाहून मोठा झालेला पोरगा अमेरिकेत गेला तरी कर्जाचा आकडा पाहून झोपत नाही. ही भीती खरी आहे, तिला कोणी हसू नका. पण बापाचं कर्ज वेगळं होतं आणि ह्याचं वेगळं आहे, हे मात्र त्यांनी शांतपणे बसून पाहायला पाहिजे.

आमच्या बाबांचं सांगते. कर्ज ठेवायचं नाही हा त्यांचाही बाणा. सीतादही, म्हणजे कापूस वेचायच्या आधीची पूजा, झाली, वेचा सुरू झाला, कापूस घरात आला, की पैसा हातात पडायची खोटी, सगळा सावकाराला. १९७२ पासून सरकारची कापूस एकाधिकार खरेदी होती तेव्हा तर कापूस आधी द्यायचा आणि पैसे मागून तुकड्या-तुकड्याने यायचे, पण जसे यायचे तसे थेट तिकडेच जायचे. उन्हाळ्यात बाबा मोकळे, मान ताठ. आणि मृग जवळ आला की? बियाण्याला पैसा नाही, खताला नाही, बैलाला ढेप नाही, पुन्हा त्याच ओट्यावर जाऊन उभं राहायचं आणि आता दर त्याचा, कारण गरज तुमची. आजही माझ्या गल्लीत मार्चमधे हेच चालतं, बँकेचं पीककर्ज नवं-जुनं करायला लोक चार दिवसांसाठी खाजगीतून पैसा उचलतात, बँकेचं खातं स्वच्छ दिसतं आणि घरातला पैसा त्या चार दिवसांच्या व्याजात जातो. आमच्या आजोबांना हे कळत होतं. ते बाबांना म्हणायचे, "कर्ज फेडाचं, पण बियाचा दाणा इकून नाई." बाबांनी ते ऐकायला लागल्यावरच आमच्या घराची गाडी रुळावर आली. आधी पुढच्या पेरणीचा पैसा बाजूला, मग घरखर्चाचा, मग उरेल तो सावकाराला. कर्ज दोन वर्षं उशिरा फिटलं, पण फिटलं ते कायमचं.

जावईबापू नेमका बियाचा दाणाच विकताहेत. चार हजार डॉलर हाताशी आणि बाराशे दर महिन्याला भिंतीत. भिंतीत गेलेला पैसा घर विकल्याशिवाय किंवा बँकेच्या पाया पडल्याशिवाय परत निघत नाही. तू लिहिलंयस की ते एच-वन-बीवर (नोकरीवर टिकणारा व्हिसा) आहेत आणि तुझी नोकरी एच-फोरच्या ईएडीवर (त्यांच्या व्हिसामुळे बायकोला मिळणारा कामाचा परवाना). म्हणजे नीट पाहा, दोघांचे पगार एकाच खुंटीला टांगलेत. त्यांची नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, तेवढ्यात दुसऱ्या कंपनीने अर्ज केला तर ठीक, नाहीतर दुसरी सोय पाहायची किंवा देश सोडायचा, आणि तुझं काम करणंही त्यांच्याच स्टेटसवर. त्या ६० दिवसात बँक म्हणणार आहे का, की तुम्ही आतापर्यंत एवढे हजार जास्तीचे भरले, आता सहा महिने हप्ता नको? नाही म्हणत. हे पुष्कळ लोकांना माहीतच नसतं. जास्तीचे भरल्याने कर्ज लवकर संपतं, पुढच्या महिन्याचा हप्ता कमी होत नाही, तो तेवढाच १,३५० राहतो. एकरकमी मोठी रक्कम भरून हप्ता नव्याने बांधून घेता येतो, त्याला रीकास्ट म्हणतात, पण ते प्रत्येक लोनवर मिळत नाही, आणि मागावं लागतं.

कोणी म्हणेल, वेळ आली तर घरावर होम इक्विटी लाइन काढू, म्हणजे घर तारण ठेवून लागेल तसं कर्ज उचलू. माझा धाकटा भाऊ हेच म्हणायचा. मिशिगनमधे गाड्यांचे पार्ट करणाऱ्या कंपनीत होता, बोनस आला की घरात, दिवाळीचे पैसे घरात, वहिनी माहेराहून मिळालेल्या दोन साड्यांवर वर्ष काढायची. २००९ मधे डेट्रॉइटच्या दोन मोठ्या कंपन्या दिवाळखोरीत गेल्या, त्यांच्या मागे पार्टवाले, त्यांच्या मागे हा. घराची किंमत पडली आणि ज्या बँकेने लाइन दिली होती तिनेच ती गोठवली. नोकरी असताना छत्री द्यायला तयार, पाऊस आला की बंद. मग क्रेडिट कार्ड, वीसच्या वर टक्के. म्हणजे त्याचं लोन तेव्हा सहा टक्क्यांचं होतं, सहा टक्क्यांचं कर्ज फेडायला जो पैसा घातला त्याच्या जागी वीस टक्क्यांचं उचललं. इकडून बाबा तूर विकून पैसे पाठवायला निघाले होते. आर्वीच्या बाजारातली तूर आणि अमेरिकेतला हप्ता! तो रडला फोनवर, पैसे नको म्हणाला. भाऊ आता चांगला आहे, पण वहिनी अजूनही म्हणते, घरात घातले त्यातले दहा हजार बँकेत असते तर त्या वर्षी मी माणसासारखी जगली असती.

आता आकडे, कारण जावईबापू एक्सेलवाले आहेत, त्यांना गोष्टी सांगून पटणार नाही. सुरुवातीपासून धरलं तर दर महिन्याला १,२०० जास्तीचे टाकून हे ३० वर्षांचं कर्ज साडेबारा वर्षांत संपतं. छान आहे, मी नाही म्हणत नाही. १,२०० ऐवजी ७०० टाकले तर? साडेसोळा वर्षांत. म्हणजे महिन्याला ५०० डॉलर घरात मोकळे ठेवले तर कर्ज चार वर्षांनी उशिरा फिटतं, आणि तरीही बँकेने सांगितलं त्यापेक्षा साडेतेरा वर्षं आधी. ही चार वर्षं म्हणजे तुमच्या लेकीचं सातव्या वर्षापासून कॉलेजला जाईपर्यंतचं सगळं बालपण ज्याच्यासाठी आवळायचं ती चार वर्षं. मला तर हा सौदा महाग वाटतो. आणि ती कॉफी, आठवड्यातून दोनदा धरली तरी वर्षाचे ६२४ डॉलर, महिन्याचे ५२. ते ५२ दर महिन्याला न चुकता प्रिन्सिपलमधे टाकले तर अठ्ठावीस वर्षांनंतर तुमचं कर्ज पावणेदोन वर्षं लवकर संपेल. हा काही शून्य फायदा नाही, पण त्यासाठी बायकोने नवऱ्यापासून कप लपवायचा?

शिवाय ३ टक्के! जानेवारी २०२१ मधे अमेरिकेत ३० वर्षांच्या लोनचा सरासरी दर २.६५ पर्यंत उतरला होता, ऑक्टोबर २०२३ मधे तोच पावणेआठच्या वर गेला. तुमच्याकडे जे कर्ज आहे ते लोकांना आता मागून मिळत नाही. २०२३-२४ मधे तर ऑनलाइन सेव्हिंग खाती ४ टक्क्यांच्या वर व्याज देत होती, म्हणजे पैसा हाताशी ठेवूनही, टॅक्स गेला तरी, जवळपास बरोबरी. ज्यांनी ७ टक्क्यांनी घर घेतलंय त्यांना मी वेगळं सांगीन, त्यांनी जरूर जास्तीचे भरावे, पण त्यांनीही हाताशी सहा महिन्यांचा खर्च ठेवूनच. नागपूरचे दीर फोनवर सांगतात "पहिले लोन संपव", ते त्यांच्या जागी बरोबर आहेत, इकडे गृहकर्ज तुमच्या तीन टक्क्यांपेक्षा पुष्कळ महाग, बदलत्या दराचं, आणि २०१२ पासून रिझर्व्ह बँकेने अशा कर्जावर लवकर फेडण्याचा दंडही बंद केलाय. पण त्यांचा सल्ला ओहायोत चालत नाही.

तर असं करा. आजपासून जास्तीचे बाराशे पूर्ण बंद. ते सगळे सेव्हिंगमधे. तू लिहिलंय त्यावरून नुसता जगण्याचा खर्च, हप्त्यासकट, महिन्याला चार हजार होतो, म्हणजे सहा महिन्यांचे चोवीस हजार लागतील, चार आहेत, वीस जमायला साधारण १७ महिने. तेवढे जमले की मग ७०० प्रिन्सिपलला आणि ५०० घराला. पाठवताना हे पैसे प्रिन्सिपलमधेच जमा करा असं स्पष्ट निवडायचं, नाहीतर काही ठिकाणी ते पुढचा हप्ता म्हणून धरतात. आणि फोर-ओ-वन-केमधे, म्हणजे नोकरीतल्या निवृत्तीच्या खात्यात, कंपनी जेवढी भर घालते तेवढी तरी पूर्ण घेताय ना, हे आधी पाहा, ती सोडून घरात पैसा घालत असाल तर मात्र मी जावईबापूंना फोनच करीन. क्रेडिट कार्डावर बाकी असेल तर ती सगळ्यात आधी.

पण स्विमिंगला त्या ५०० ची वाट पाहायची नाही, ते या महिन्यापासून, सध्या बाराशेतूनच, सेव्हिंग थोडं उशिरा जमलं तरी चालेल. आणि दोघांना दर महिन्याला शंभर-शंभर डॉलर असे की ज्याचा हिशोब कोणी कोणाला विचारायचा नाही. त्यांनीही ते खर्च करायचे, जॅकेट घ्यायचं. आमच्या घरी हे होतं, शेताच्या धुऱ्यावरची बरबटी, अंबाडी न तीळ आईचे. बाबांच्या कापसाचा पै न् पैचा हिशोब लिहिलेला असायचा, पण धुऱ्यावरच्या पैशाला त्यांनी आयुष्यात हात लावला नाही की विचारलं नाही. आईने त्यातून कधी बांगड्या भरल्या, कधी माझी सहल केली, कधी बहिणीकडे गेली. भांडणं आमच्याकडेही होत, पण पैशावरून आई कधी खोटं बोलल्याचं मला आठवत नाही, बोलायची गरजच पडली नाही तिला.

आता तुलाही थोडं बोलते, रागावू नको. तू पत्रात लिहिलंस, "हिशोब सगळा हेच पाहतात, मला त्यातलं कळत नाही." काहून नाही कळत? ऑफिसमधे दुसऱ्याच्या कंपनीचे रिपोर्ट बनवतेस न घरच्या लोनचं स्टेटमेंट उघडत नाहीस? एका रविवारी लेकीला शेजारी पाठव, दोघं बसा, लॉगिन तुझ्याकडेही असू दे, आणि कपाची गोष्ट त्यांना तूच सांग. माझ्या पत्रातून नको कळायला. मला वाटतं त्यांना फार लागेल ते, कारण ज्या माणसाने तुम्हा दोघींच्या डोक्यावर छप्पर राहावं म्हणून थंडी काढली, त्याला हे माहीतच नाही की घरात आपली भीती वाटते.

इंग्लंडातल्या, कॅनडातल्या वाचकांनी हे वाचून लगेच बँकेला पैसे पाठवू नका, तुमच्याकडे फिक्स मुदतीत वर्षाला ठरावीक टक्क्यांपर्यंतच जास्तीचं भरता येतं, इंग्लंडात बहुतेक ठिकाणी १० टक्के, पुढे दंड, आपले कागद पाहा. ऑस्ट्रेलियावाल्यांना ऑफसेट खातं मिळतं, पैसा हाताशीही राहतो आणि तेवढ्या रकमेवरचं व्याजही वाचतं, ते असेल तर दुसरीकडे पाहूच नका.

राहिलेले प्रश्न. नागपूरला मिहानजवळ प्लॉट घ्यावा का, तर नाही, सेव्हिंगमधे चार हजार असताना प्लॉटचं नाव काढू नका. लेक मराठी बोलत नाही, तर आजीला रोज व्हिडिओ कॉल, आणि मधे तुम्ही भाषांतर करायचं नाही, एवढंच. सासूबाईंच्या घराचे पत्रे गळतात आणि दीर म्हणतात पुढच्या वर्षी पाहू, तर पुढच्या वर्षी नाही. मृग लागायच्या आत बदलून द्या, मे महिन्यात मिस्त्री मिळत नाही म्हणून आत्ताच सांगून ठेवा, आणि त्याचे पैसे पहिल्या दोन महिन्यांच्या बाराशेतूनच काढा, चोवीस हजार दोन महिने उशिरा जमले तरी चालतील.