दोन हातांत दोन हत्यारं: तुमचे प्रश्न

यावेळी बहुतेकांनी एकच विचारलंय, दोन्ही हातांत हत्यार घ्यायचं का. उत्तरं सगळी डी अँड डीच्या, म्हणजे फासे टाकून खेळायच्या डंजन्स अँड ड्रॅगन्स या रोल-प्लेइंग गेमच्या, पाचव्या एडिशनची आहेत, आणि २०१४ चं पुस्तक आणि २०२४ चं नवीन यात जिथं फरक पडतो तिथं तसं सांगतो.

सातारा: दादा, माझा फायटर (लढवय्या कॅरेक्टर) पहिल्या लेव्हलचा. दोन्ही हातांत लाँगसोर्ड घेतल्या, तर डीएम (खेळ चालवणारा) म्हणतो दुसरा वार मिळणार नाही. मुद्दाम करतोय काय?

नाही रे, बरोबर बोलतोय तो. धरायला दोन लाँगसोर्ड धर, कोण अडवत नाही, पण बोनस अॅक्शनमधला, म्हणजे दर टर्नला (पाळीला) मिळणाऱ्या एका छोट्या जादा कृतीतला, वार मिळायला दोन्ही हत्यारं 'लाइट' लागतात, म्हणजे शॉर्टसोर्ड, सिमिटर, डॅगर, हँडअॅक्स असली. लाँगसोर्ड लाइट नाही आणि रेपियरपण नाही, सगळे तिथंच फसतात. २०१४ मध्ये ड्युअल विल्डर फीट (कॅरेक्टरला मिळणारं खास कौशल्य) घेतलं की ही अट जाते, वर एसी, म्हणजे बचावाचा आकडा, एकनं वाढतो. २०२४ च्या फीटमध्ये मात्र पहिला वार लाइट हत्यारानंच करायचा, दुसरं मोठं चालतं. म्हणजे दोन लाँगसोर्डचं स्वप्न नवीन पुस्तकात फीट घेऊनही होत नाही.

सांगली: ग्रेटसोर्ड भारी का दोन शॉर्टसोर्ड? आमच्या टेबलवर यावरून भांडणं लागलीत.

मग वही काढा. सगळे वार लागले असं धरू. पहिली लेव्हल, मॉडिफायर (ताकद-चपळाईमुळं वाराला मिळणारी भर) +३. ग्रेटसोर्डचे दोन डी-६ (सहा बाजूंचे फासे), सरासरी ७, अधिक ३ म्हणजे १०. शॉर्टसोर्डचा पहिला वार साडेतीन अधिक ३, दुसऱ्या वाराला मॉडिफायर मिळत नाही म्हणून नुसते साडेतीन, तेपण १०! आणि फायटरनं टू-वेपन फायटिंग स्टाइल घेतली तर दुसऱ्यालाही मॉडिफायर मिळतो, मग १३. पाचव्या लेव्हलला, मॉडिफायर +४ धरून, ग्रेटसोर्डचे दोन वार २२, शॉर्टसोर्डचे तीन वार स्टाइलसकट साडेबावीस, स्टाइल नसेल तर साडेअठरा. अकराव्या लेव्हलला फायटरचे तीन वार होतात, मॉडिफायर +५ झालेला असतो, तिथं ग्रेटसोर्ड ३६ आणि तुमच्या दोन तलवारी स्टाइलसकट ३४. म्हणजे सुरुवातीला दोन हत्यारवाला पुढं, मधे बरोबरी आणि नंतर मोठी तलवारवाला हळूहळू निघून जातो, कारण त्याचा प्रत्येक नवीन वार मोठा असतो आणि तुमचा जादा वार एकच राहतो.

पण खरी किंमत या आकड्यांत दिसतच नाही. ग्रेटसोर्डवाल्याची बोनस अॅक्शन शिल्लक असते, तुमची दर टर्नला खर्च होते. तुमच्या क्लासकडं (कॅरेक्टरच्या प्रकाराकडं) बोनस अॅक्शनला दुसरं चांगलं काम आहे का, एवढं बघा आणि भांडण मिटवा.

विटा: डाव्या हाताच्या वाराला फाशात मायनस किती?

शून्य. तिसऱ्या एडिशनला होते, फीट नसलं तर पार उजव्याला −६ आणि डाव्याला −१०. जुने खेळाडू अजून त्याच हिशोबात असतात, त्यांचं ऐकू नका.

कराड: माझी रोग (चोर-हेर क्लासची कॅरेक्टर) आहे. दोन डॅगर घेतले तर स्नीक अटॅक (संधी साधून मारलेला जादा डॅमेज) दोनदा लागतो ना?

नाही लागत, एका टर्नला एकदाच. तरी घ्या, कारण दुसरा वार म्हणजे दुसरा चान्स. दर वार लागायची शक्यता ६० टक्के धरली तर दोनातला एक तरी लागायची ८४ टक्के होते, आणि रोगचं सगळं डॅमेज त्या एका स्नीक अटॅकमध्येच असतं. अडचण अशी की कनिंग अॅक्शनचं पळणं-लपणंपण बोनस अॅक्शनमध्येच. म्हणून पहिला वार लागला की दुसरा मारत बसू नका, तिथून निघा. चुकला तरच दुसरा. २०२४ वालं पुस्तक असेल तर डॅगरची 'निक' मास्टरी घ्या, दुसरा वार अटॅक अॅक्शनमध्येच बसतो आणि बोनस मोकळी राहते. रोगसाठी तो नियम म्हणजे लॉटरीच आहे.

मिरज: रेंजरला (जंगलातला शिकारी क्लास) दोन तलवारी आणि हंटर्स मार्क (शत्रूवर खूण करायचं स्पेल), कॉम्बो कसा वाटतो सर?

कागदावर झकास, प्रत्येक लागलेल्या वाराला एक डी-६ जास्त. पण मार्क टाकायला बोनस अॅक्शन, शत्रू मेला की मार्क हलवायलापण बोनस अॅक्शन, आणि गॉब्लिन तर पटापट मरतात. मग दुसरा हात मोकळाच बसतो. मोठा एकच राक्षस असेल तेव्हा वापरा. शिवाय ते कॉन्सन्ट्रेशनचं, म्हणजे ध्यान टिकवायला लागणारं स्पेल, पुढं जाऊन मार खाल्लात की दर फटक्याला कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, म्हणजे ते टिकवायला फासा. एक बरं आहे, हंटर्स मार्कला नुसतं बोलायला लागतं, हात मोकळा नसला तरी चालतं. क्युअर वूंड्सला (जखमा भरायचं स्पेल) मात्र हात लागतो, तेव्हा एक तलवार खाली टाका नाहीतर म्यान करा.

सातारा: लंडनहून आलेली वाघनखं आमच्या संग्रहालयात बघितली. एका हातात वाघनखं, एका हातात बिचवा असं कॅरेक्टर करायचंय. नियम काय लावू?

हा प्रश्न आवडला! पुस्तकात नाहीत ती, पण जमतं. बिचव्याला सरळ डॅगरचे नियम, फक्त 'थ्रोन' काढा, कड्याच्या मुठीचं हत्यार फेकून कोण मारतंय. वाघनखं डी-४, लाइट, फिनेस (ताकदीऐवजी चपळाई वापरता येते). बोटांत अडकवलेली असतात म्हणून डिसआर्म होणार नाहीत (हातातून उडवता येणार नाहीत) आणि मुठीत लपतात, तर शोधणाऱ्याला परसेप्शन (नजरेचा) रोल करायला लावा. डॅमेज वाढवू नका, प्रतापगडाच्या पायथ्याशी १६५९ ला काय झालं ते सगळ्यांना माहीतेय म्हणून डीएमचा हात सैल सुटतो, पण त्या हत्याराचं बळ लपण्यात आहे.

उद्या कुणी दांडपट्टा मागेल म्हणून आत्ताच सांगून ठेवतो: डी-८, लाइट नाही, डिसआर्म होत नाही, आणि हात पोलादी खोबणीत अडकलेला म्हणून काढायला पूर्ण अॅक्शन. मर्दानी खेळातले लोक दोन पट्टे फिरवतात ते बघून कुणाला दोन हवे असतील तर २०१४ चं ड्युअल विल्डर घ्यायला सांगा, आणि दोन पट्टे चढवून बसलेल्याला औषधाची बाटली दुसऱ्यानं पाजायची.