'व्यवहार' हा नीतीचा विरुद्धार्थी शब्द केव्हापासून झाला?

रत्नागिरीजवळच्या एका बागायतदार संस्थेतील हिशेबनिसांनी विचारले आहे की, संस्थेची आचारसंहिता लिहिताना 'व्यवहारी निर्णय' लिहावे की 'व्यावहारिक निर्णय'. त्यांनी पुढे सभासदांचे म्हणणेही कळवले आहे: 'नीती कागदावर ठीक, व्यवहारात चालत नाही.' हे वाक्य मी दर आंब्याच्या हंगामात ऐकतो आणि दर वेळी मला संताप येतो. गेल्या चैत्रात घेतलेल्या पेटीत पेंढ्यावरच्या थरात पाव-पाव किलोची फळे होती आणि तळाला मुठीत मावतील अशी. विचारले, तर विक्रेता म्हणाला, 'काका, व्यवहार आहे हा.' लबाडीला हे नाव देणे हा शब्दावर अन्याय आहे.

वागणूक, देवघेव, रूढी हे अर्थ सर्वांना ठाऊक आहेत. मला मोह आहे तो कात्यायनस्मृती या जुन्या धर्मशास्त्रग्रंथातल्या निरुक्तीचा, म्हणजे शब्दाची फोड करून सांगितलेल्या अर्थाचा: 'वि' म्हणजे नाना, 'अव' म्हणजे संदेह, 'हार' म्हणजे हरण, नाना संदेहांचे हरण करतो तो व्यवहार. 'अव'ला संदेह असा अर्थच नाही, असे म्हणून व्याकरणवाले ही निरुक्ती मोडीत काढतात आणि पाणिनीने 'व्यवहृ' हा धातू सौदा व जुगार या अर्थांच्या 'पण्'शेजारी बसवला आहे, याकडे बोट दाखवतात. पाणिनी मला शिरोधार्य आहे, त्यांचा निष्कर्ष नाही. शब्द कसा घडला हे व्याकरण सांगते. तो वापरणाऱ्यांना त्यात काय दिसले हे निरुक्ती सांगते. बाजारातला सौदा आणि न्यायसभेतला निवाडा यांना आपल्या पूर्वजांनी एकच शब्द ठेवला, कारण घेणाऱ्या-देणाऱ्यांच्या मनातली शंका फिटेपर्यंत सौदा पुरा होत नाही, असे माझे ठाम मत आहे.

याज्ञवल्क्यस्मृतीत आचार आणि प्रायश्चित्त यांच्या मध्ये व्यवहाराध्याय, म्हणजे तंटे-निवाड्यांचा अध्याय आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातील १८ व्यवहारपदांत, म्हणजे तंट्यांच्या विषयांत, ठेव, भागीदारी, मजुरी न देणे आणि करारभंग येतात. त्याच अध्यायात एका मालात दुसरा मिसळून, निकृष्ट, कमी भरणारा किंवा झाकलेला माल विकू नये, असे स्पष्ट सांगितले आहे. माझ्या पेटीचा निकाल तिथे लागलेलाच आहे! सतराव्या शतकात नीलकंठ भट्टांनी लिहिलेला 'व्यवहारमयूख' तर इंग्रजी अमदानीतील न्यायालयांनी उत्तर कोकणात 'मिताक्षरा' या याज्ञवल्क्यस्मृतीवरील टीकेहूनही वरचढ मानला. ज्या किनाऱ्यावर या शब्दाच्या नावाच्या ग्रंथाने वारसाहक्काचे तंटे मिटले, तिथेच त्याने फसवणुकीला पांघरूण घालावे, हे मला सोसवत नाही.

काही विद्वान वेदान्ताचा दाखला देऊन व्यवहार परमार्थाहून खालचा, म्हणून त्यात तडजोड चालते, असे सांगतात. ही सरळ चूक आहे. वेदान्तात व्यावहारिक सत्तेखाली प्रातिभासिक सत्ता, म्हणजे निव्वळ भासाची पातळी असते: दोरीवर दिसणारा साप. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या नावाने दुसराच आंबा विकला जातो, तेव्हा तो सापच विकला जातो, आणि तो साप आहे हे व्यवहारातच सिद्ध होते.

राहिला मूळ प्रश्न. 'व्यवहारी' माणसाला म्हणावे, 'व्यावहारिक' निर्णयाला किंवा अडचणीला. म्हणून संहितेत 'व्यावहारिक निर्णय' लिहावे, आणि त्याच कलमात प्रत्येक पेटीवर तळाच्या थराचाही आकार नोंदवण्याची अट घालावी.