कोड मोफत, मग मिळकत कुठून?

प्रश्न : माझी मुलगी संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रात्र रात्र जागून ओपन सोर्स प्रकल्पांसाठी, म्हणजे कुणालाही वापरता-बदलता येणाऱ्या खुल्या सॉफ्टवेअरसाठी, कोड लिहिते, तोही विनामोबदला. यातून पोट कसं भरणार? तिला थांबवावं का? – एक पालक

उत्तर : थांबवू नका. जागरणांबद्दल मात्र जरूर बोला.

कोड मोफत मिळाला, तरी तो सांभाळणारा, मध्यरात्री सर्व्हर बंद पडल्यावर धावून येणारा माणूस मोफत मिळत नाही. रेड हॅट या कंपनीने लिनक्स या ओपन सोर्स संगणकप्रणालीच्या अशाच देखभालीची वर्गणी घेऊन मोठा व्यवसाय उभा केला. २०१९ मध्ये आयबीएमने ती कंपनी सुमारे ३४ अब्ज डॉलरना विकत घेतली. लिनक्सच्या कर्नेलमधले, म्हणजे गाभ्यातले, बहुतेक बदलही आज पगारी अभियंतेच करतात. इंटेल, गुगल यांसारख्या कंपन्या त्यांना पगार देतात, कारण या कंपन्यांचं स्वतःचं काम लिनक्सवर चालतं.

म्हणून सगळ्यात भरवशाची वाट नोकरीचीच. वर्डप्रेस (वेबसाइटसाठी), मूडल (ऑनलाइन शिक्षणासाठी) किंवा ओडू (व्यवसायाच्या कारभारासाठी) अशी ओपन सोर्स सॉफ्टवेअर ग्राहकांना बसवून देणं, त्यात हवे ते बदल करणं, यावरही अनेकांचं व्यवस्थित चालतं.

देणग्यांवर मात्र तिने भिस्त ठेवू नये, हे मी अगदी कळकळीने सांगतो. जगभरातल्या असंख्य वेबसाइटची सुरक्षा ओपनएसएसएल या ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर अवलंबून होती. २०१४ मध्ये त्यात हार्टब्लीड हा गंभीर दोष सापडला, तेव्हा उघड झालं की त्यावर पूर्णवेळ काम करणारा माणूस जेमतेम एक होता आणि देणग्या वर्षाला सुमारे दोन हजार डॉलर! इतक्या मोलाच्या कामाची ही किंमत होते, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता तिने काय करावं? दहा प्रकल्पांना हात लावण्यापेक्षा कंपन्या रोजच्या कामात वापरतात असा एखादाच प्रकल्प धरावा आणि त्यात वर्षभर टिकावं. बग (कोडमधले दोष) दुरुस्त करावेत, दस्तऐवज सुधारावेत, इतरांचा कोड तपासावा. तिथल्या जाणकारांशी झालेली तांत्रिक चर्चा कुणालाही वाचता येते, आणि मुलाखत घेणाऱ्याला ती गुणपत्रिकेपेक्षा जास्त सांगते. गुगल समर ऑफ कोड आणि आउटरीची या उपक्रमांत निवड झाली तर शिकताना मानधनही मिळतं.

नोकरी लागली की करारातलं बौद्धिक संपदेचं कलम तिने नीट वाचावं. काही कंपन्या कर्मचाऱ्याने घरी लिहिलेल्या कोडवरही हक्क सांगतात. आपल्या प्रकल्पाचं नाव घालून लेखी परवानगी सही करण्याआधीच मागावी.