वाचकांचे प्रश्न : लाल जर्सी, न घेतलेला पेढा आणि पुढे पाठवलेला संदेश

प्रश्न : आम्ही बेळगावातील मराठी कुटुंब. माझी मुलगी बारावीत शिकते. शाळकरी वयापासून ती बंगळुरूच्या आयपीएल संघाची चाहती आहे. सामना असला की लाल जर्सी घालून बसते आणि ‘ई सल कप नम्दे’ (यंदा कप आमचाच) म्हणत घर डोक्यावर घेते. ३ जून २०२५ रोजी तो संघ पहिल्यांदा विजेता ठरला, तेव्हा तिने घरोघरी पेढे वाटले. बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधार्थ १ नोव्हेंबरला निघणाऱ्या काळ्या दिनाच्या फेरीत माझे थोरले बंधू दरवर्षी न चुकता चालतात. त्यांनी पेढा हातात घेतला नाही. ‘असेच नाचायचे होते, तर आमच्या पिढीने लाठ्या कशासाठी खाल्ल्या?’ एवढेच ते म्हणाले. तेव्हापासून मुलगी काकांकडे जात नाही. दुसरी गोष्ट लिहिताना संकोच वाटतो. दुसऱ्या दिवशी विजयोत्सवासाठी जमलेल्या गर्दीत बंगळुरूला चेंगराचेंगरी झाली. त्या संध्याकाळी मुंबई संघाच्या आम्हा चाहत्यांच्या ग्रुपवर त्यावर एक चेष्टेचा संदेश आला आणि मी तो पुढे पाठवला. मुलीने तो पाहिला, पण ती काही बोलली नाही. चूक कोणाची, बंधूंची की माझी?

— एक वाचक, वडगाव (बेळगाव)

उत्तर : आपण जी गोष्ट शेवटी आणि संकोचाने लिहिली आहे तीच अधिक जड आहे. तरीही बंधूंपासून सुरुवात करतो, कारण त्यांचे बोलणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून ज्या घरांत तिसरी पिढी सीमाप्रश्नाविषयी बोलत मोठी झाली आणि जिथे दुकानाच्या पाटीवर कोणती अक्षरे वर असावीत हासुद्धा तंट्याचा विषय होतो, तिथे जर्सीचा रंग नुसता रंग राहत नाही. मी स्वतः बेळगावच्या टिळकवाडीत वाढलो असल्यामुळे हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

तथापि बंधू ज्याला कर्नाटकाचे निशाण समजतात, तो संघ लिलावातून उभा राहिलेला आहे. त्या दिवशी जिंकलेल्या संघाचा कर्णधार रजत पाटीदार इंदूरचा, यष्टिरक्षक जितेश शर्मा आपल्या अमरावतीचा आणि अंतिम सामन्याचा सामनावीर कृणाल पंड्या बडोद्याकडून पुढे आलेला. त्याच हंगामात मुंबईचे नेतृत्व करणारा हार्दिक हा या कृणालचा सख्खा भाऊ. त्याहून मागे गेले, तर २००८ मध्ये या संघाचा पहिला कर्णधार होता राहुल द्रविड, म्हणजे इंदूरला मराठी घरात जन्मलेला, बंगळुरूला वाढलेला आणि आयुष्यभर कर्नाटकाकडून रणजी खेळलेला माणूस. त्याला आपले बंधू कोणत्या बाजूला बसवणार, हे मला खरोखरच ऐकायला आवडेल.

हा युक्तिवाद मात्र मला स्वतःला अर्धाच वाटतो, कारण उद्या आपल्या मुलीने रणजी सामन्यात महाराष्ट्राविरुद्ध कर्नाटकाची बाजू घेतली, तर लिलावाची सबब पुरणार नाही. तो संघ राज्याचाच आहे. तेव्हाही माझे उत्तर बदलत नाही. बेळगावच्या मैदानांवर उन्हातान्हात नेटमध्ये घाम गाळणाऱ्या मराठी मुलाला वर जायचे असेल, तर त्याची वाट धारवाड विभागातून कर्नाटकाच्या संघाकडेच जाते. तो उद्या त्या संघात निवडला गेला, तर आपण त्याच्या शतकाची इच्छा करायची की तो शून्यावर बाद व्हावा म्हणून नवस बोलायचा? आपली मुलगी ज्या मातीत वाढते आहे, तिथल्या संघाचा तिला लळा लागला, यात द्रोह शोधणे म्हणजे आपल्याच पोरांना दोन्हीकडून परके करणे होय. मराठी शाळा टिकाव्यात आणि सरकारी कागद मराठीतून मिळावेत, ही मागणी तिच्या जर्सीने तसूभरही दुबळी होत नाही. बंधूंना पुतणीच्या मराठीपणाची परीक्षा घ्यायचीच असेल, तर तिने अलीकडे कोणते मराठी पुस्तक वाचले ते विचारावे. (तोच प्रश्न तिने उलट विचारला, तर रागावू नये.)

आता आपला संदेश. प्रतिस्पर्धी संघाची चेष्टा हा चाहतेपणाचा जुना आणि बहुधा निरुपद्रवी भाग आहे. सोपा झेल सुटला, शेवटच्या षटकात गोलंदाजाची धुलाई झाली, १७ हंगाम करंडकाने हुलकावणी दिली, यावर चिडवाचिडवी होणारच, आणि बंगळुरूच्या चाहत्यांनी ती इतकी वर्षे सोसलीही. पण ४ जून रोजी स्टेडियमच्या बाहेर ११ माणसे मेली, ती सामना हरलेली नव्हती. त्यांत शाळकरी वयाची एक मुलगीही होती. आपली मुलगी त्या दिवशी बंगळुरूला शिकायला असती, तर तीच लाल जर्सी घालून त्याच गर्दीत उभी राहिली असती, हे आपल्या आधी तिच्या लक्षात आले असावे. आपण पुढे पाठवलेल्या विनोदात तिला मुंबई-बंगळुरू दिसले नसणार. स्वतःच दिसली असणार.

अशा वेळी मला १९८० ची मुंबईतील सुवर्णमहोत्सवी कसोटी आठवते. वानखेडेवर इंग्लंडचा अर्धा संघ ५८ धावांत बाद झाला होता आणि पंचांनी बॉब टेलरलाही झेलबाद दिले होते. भारताचा कर्णधार होता कर्नाटकाचा गुंडाप्पा विश्वनाथ. चेंडू बॅटला लागलेलाच नाही अशी खात्री झाल्यावर त्याने टेलरला परत बोलावले. टेलर आणि बोथम यांनी पुढे १७१ धावांची भागी केली आणि भारत तो सामना १० गडी राखून हरला. विश्वनाथला सभ्यपणाची किंमत सामन्याने मोजावी लागली. आपल्याला तर काहीच मोजावे लागणार नव्हते; नुसता अंगठा आवरायचा होता.

तेव्हा बंधूंनी पेढा नाकारला तो हेकेखोरपणा होता, आणि आपण केले ते त्याहून वाईट होते. संदेश गुपचूप पुसून टाकू नका. ज्या ग्रुपवर पाठवला तिथेच दोन ओळींत चूक कबूल करा. कोणी आपल्याला हसले, तर हसू द्या. मग मुलीला सांगा, पण ‘तुला वाईट वाटले असेल तर’ अशा शब्दांत नको. काकांकडे तिला इतक्यात पाठवू नका. आधी आपण जा, कारण आता त्यांना समजावण्याइतके ओशाळलेपण आपल्यापाशी आहे.

प्रश्न : आमच्या गावच्या मैदानात शेवटच्या जोडीत बाहेरच्या मल्लाने आमच्या पोराला चितपट केले. लोकांनी आमच्याच पोराला शिव्या दिल्या आणि बक्षीस देण्याआधीच निम्मे मैदान उठून गेले. मीही त्यांतलाच. आम्ही वर्गणी देतो, मग बोलण्याचा हक्क नाही का?

— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : वर्गणीतून मैदान उभे राहते, मल्ल विकत मिळत नाही. दोघे नुसती खडाखडी करून वेळ काढत असतील, तर ‘कुस्ती करा’ म्हणून जरूर ओरडा. मैदानाची ती रीतच आहे. जो लढून पडला त्याला शिवी कशासाठी? आणि जिंकलेल्याकडे पाठ फिरवून उठणे हेही शोभत नाही. ३१ जानेवारी १९९९ रोजी चेन्नईत पाकिस्तानने भारताला १२ धावांनी हरवले, तेव्हा चेपॉकच्या प्रेक्षकांनी उभे राहून पाहुण्यांसाठी टाळ्या वाजवल्या होत्या. खानापूर तालुक्यातल्या पाहुण्या मल्लाचे तर बहुधा आपल्याच गावात कोणी सोयरे निघेल.

लहानपणी मी वडिलांचे बोट धरून आनंदवाडीच्या आखाड्यात जात असे. वडील एका स्थानिक मल्लाचे भक्त होते. तो शड्डू ठोकायचा आणि वडिलांचा आवाज हलगीच्या वर चढायचा. एकदा कोल्हापूरच्या तालमीतल्या मल्लाने त्याला घिस्सा डावावर आसमान दाखवले. फेरी मारत तो जिंकलेला मल्ल आमच्यासमोर आला, तेव्हा वडिलांनी दहाची नोट काढून त्याच्या हातात ठेवली. मग सगळे खिसे चाचपून आणखी पाच रुपये काढले आणि कोपऱ्यात मान खाली घालून अंगावरची माती पुसत बसलेल्या आपल्या मल्लाच्या मुठीत कोंबले. घरी पोहोचेपर्यंत मात्र ते माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत, आणि रात्री जेवलेही नाहीत.