भावाचं फुफ्फुस दुसऱ्यांदा कोलॅप्स झालंय, डॉक्टर प्ल्युरोडेसिस करा म्हणतात. वय 22. हे ऑपरेशन सुरक्षित आहे का?

माझं हेच, म्हणजे फुफ्फुस छातीच्या आतल्या अस्तराला चिकटवण्याचं, ऑपरेशन तेविसाव्या वर्षी इथेच पुण्यात झालं, उजव्या बाजूचं. मी डॉक्टर नाही, पण घरात काय चाललं असेल ते चांगलं माहीत आहे, म्हणून लिहितोय.

पहिल्या वेळी कात्रजच्या बसमध्ये छातीत एकदम कळ आली. घरी आईने गॅस समजून ओवा दिला. रात्री जिना चढवेना, तेव्हा एक्स-रे काढला. फुफ्फुसातून गळून छातीत साठलेली हवा काढायला नळी टाकली, पाच दिवसांत घरी. आठ महिन्यांनी परत तेच. पहिल्यांदा झालेल्यांपैकी साधारण तिघांत एकाला हे परत होतं आणि दुसऱ्या वेळेनंतर धोका आणखी वाढतो. म्हणून डॉक्टर आत्ता ऑपरेशन सुचवतायत, ते उगाच नाही.

ऑपरेशन बहुधा दुर्बिणीने होतं. फुफ्फुसावरचे हवेचे फुगे कापून काढतात, मग छातीचं आतलं अस्तर खरवडतात किंवा शंखजिऱ्याची, म्हणजे टाल्कची, निर्जंतुक पूड फवारतात. त्याने सूज येते आणि फुफ्फुस अस्तराला कायमचं चिकटतं. टाल्कचा असा वापर कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांनी 1935 मध्ये मांडला. चीनमध्ये त्यांच्या नावाने निघालेल्या रुग्णालयाचे प्रमुख पुढे आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस झाले. हे वाचलं तेव्हा का कोण जाणे, मला फार धीर आला होता.

तरुण, बाकी धडधाकट माणसात जिवाला धोका फारच कमी. दुर्बिणीने केल्यावर परत होण्याचं प्रमाण शंभरात पाचेकच्या घरात येतं. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, हवा गळत राहणं हे होऊ शकतं. टाल्क वापरणार असतील तर मोठ्या कणांची, प्रतवारी केलेली आहे ना, हे जरूर विचारा. बारीक कण रक्तात जाऊन फुफ्फुसांना सूज आणू शकतात. त्या बाजूला पुढे कधी छातीचं ऑपरेशन लागलं तर चिकटलेपणामुळे ते अवघड जातं, हेही माहीत असू द्या. आधी सीटी स्कॅन मात्र हवाच. आपल्याकडे यामागे टीबीही निघतो.

दुखतं मात्र खूप, हे भावाला आधीच सांगा. पहिले दोन दिवस खोल श्वास म्हणजे बरगडीत सुरी फिरल्यासारखं. मला तापही आला. आई उशाशी बसून छातीतल्या नळीला जोडलेल्या बाटलीतले बुडबुडे मोजायची. मी खोकलो की पाण्यात एक बुडबुडा, म्हणजे हवा अजून गळतेय, आणि तिचा चेहरा उतरायचा. तिसऱ्या दिवशी खोकलो, तर पाणी नुसतं वर-खाली झालं, बुडबुडा नाही. तिने मला परत खोकायला लावलं. दुखत होतं, तरी खोकलो. गोळी मागायला लाजू नको म्हणावं. दुखतं म्हणून श्वास आखडला तर कफ साठतो. श्वासाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं ते यंत्र तासातासाला ओढायचंच.

काखेखालचा तळहाताएवढा भाग अजून बधिर आहे. सिंहगड मात्र आरामात चढतो.

भाऊ सिगरेट ओढत असेल तर आजच बंद, यावर तडजोड नको. एक्स-रे बघून डॉक्टर हो म्हणेपर्यंत विमानप्रवास नाही. ऑपरेशनची तारीख यायच्या आत अचानक दम लागला किंवा छातीत कळ आली, तर ओवा-बिवा न देता थेट कॅज्युअल्टीत न्या.