उपहास, उपरोध, विडंबन : एकाच घरातले तिघे

प्रश्न असा आला आहे : ‘विनोदी लेखक समाजाचे विडंबन करतो’ हे वाक्य बरोबर आहे का? आणि उपहास व उपरोध हे एकच ना?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. उपहास म्हणजे हसून केलेली टीका. ती उघड असू शकते, आडून असू शकते. उपरोध मात्र आडूनच चालतो, कारण त्यात बोलायचं एक आणि सुचवायचं नेमकं उलट. पोराने परीक्षेत गटांगळ्या खाल्ल्या की आई म्हणते, “काय दिवे लावलेस!” हा अस्सल उपरोध. ‘नापास झालास, गाढवा’ यात उपरोध नाही, नुसता राग आहे. गंमत म्हणजे संस्कृतात ‘उपरोध’चा अर्थ अडथळा, वेढा असा आहे. मराठीत येऊन तो तिरकस झाला.

आपल्या जुन्या अलंकारशास्त्रात याच्या जवळचा प्रकार आहे व्याजस्तुती, म्हणजे स्तुतीच्या मिषाने निंदा. एक प्रसिद्ध सुभाषित वैद्याला ‘यमराजसहोदर’ म्हणून नमस्कार करतं. ‘सहोदर’ शब्दापर्यंत आदरच वाटतो. मग पुढची ओळ येते : यम प्राण नेतो, वैद्य प्राणही नेतो आणि पैसेही. इथे अतिशयोक्ती आहेच, पण ती एकाच जागी. नमस्कार, संबोधन, वृत्त, सगळं अगदी शिस्तीत. माझ्या मते टीका करणाऱ्या अतिशयोक्तीची मेख हीच : एकच गोष्ट ताणायची, बाकीचं जग जसंच्या तसं ठेवायचं. सगळंच ताणलं की फार्स होतो. तो हसवतो, बोचत नाही.

गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तलं आर्यमदिरामंडळ आठवा. दारू पिणारे लोक एकत्र जमतात यात नवल ते काय? पण त्यांचं रीतसर ‘मंडळ’ होतं, नावाला ‘आर्य’ लागतं, आणि त्या काळच्या सभा-संस्थांचा सगळा रुबाब गुत्त्यात येऊन बसतो. व्यसन आणि व्यसनाला तत्त्वज्ञान चिकटवायची खोड, दोन्हींचा उपहास एका नावात उरकला.

आता विडंबन. काटेकोर बोलायचं तर विडंबन घाटाचं (म्हणजे रचनेच्या साच्याचं), शैलीचं होतं : कवितेचं, भाषणाचं, जाहिरनाम्याचं. अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’त समकालीन कवींच्या लकबी उचलल्या, ते विडंबन. पुलंच्या ‘बटाट्याची चाळ’मध्ये (1958) ‘गच्चीसह झालीच पाहिजे’ आहे. शीर्षकातच संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणेचा ठेका आहे आणि मागणी कशाची, तर चाळीच्या गच्चीची! चळवळीची भाषा उचलली ते विडंबन, आणि त्या भाषेत मोठे होऊन बोलणारे चाळकरी जे वागतात त्याचा उपहास. पुलंचा उपहास बहुधा प्रेमळ असतो, पण आहे उपहासच.

तेव्हा ‘समाजाचे विडंबन’ मी लिहिणार नाही. ‘समाजातील ढोंगाचा उपहास’ किंवा ‘प्रवचनी भाषेचे विडंबन’ असं लिहीन.

जाता जाता दोन कुरबुरी. हल्ली ‘ही कसली विडंबना’ असं सर्रास लिहितात. ती हिंदीतून आलेली विडंबना. मराठीत त्या जागी ‘दैवदुर्विलास’ चालेल, किंवा सरळ ‘उलटा न्याय’. तसंच हिंदी ‘व्यंग्य’ पाहून ‘व्यंगलेखन’ लिहिणारे आहेत. मराठीत ‘व्यंग’ म्हणजे आधी उणीव, शरीरातला दोष. ‘व्यंगचित्र’ रूढ झालं आहे, त्याला हात लावायचं कारण नाही, पण लेखाला आपलं ‘उपहासलेखन’च बरं.

आणि रोजच्या बोलण्यात हवं असेल तर कोपरखळी, चिमटा, टोमणा हे आहेतच. कोपरखळीने समोरचाही हसतो, चिमट्याने कळवळतो, टोमणा मात्र घरी घेऊन जातो.